मोरोपंतांच्या आर्या आणि तुझे वाचक

सोलापूर

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. दर आठवड्याला सोलापूरवर लिहितेस, मन लावून लिहितेस, आणि वाचणारे मात्र तेच घरचे. त्यातलेही निम्मे न वाचताच अंगठा दाखवून मोकळे होतात. वाचक वाढवायचे कसे, असं विचारलं आहेस. माझा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या मजकुराची काटछाट करण्यात गेला, तेव्हा विचारलंस ते योग्यच. सांगतो, पण कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस. ते खातं तुझ्या आईकडे.

राम जोशी आपल्या गावचा. शास्त्रीपंडितांच्या घरातला मुलगा तमाशाच्या फडासाठी लावण्या रचू लागला, घराबाहेर पडला, पंढरपुरात जाऊन विद्या केली आणि पुढे कीर्तनाला उभा राहिला. निदान व्ही. शांतारामांच्या १९४७ च्या चित्रपटामुळे तरी एवढं तुला ठाऊक असेल. (आदल्याच वर्षी त्यांनी डॉ. कोटणिसांवर चित्रपट काढला होता. लागोपाठ दोन सोलापूरकर पडद्यावर आले. गावाने स्वतः त्या दोघांचं किती केलं, यावर मी बोलू लागलो तर पत्र संपायचं नाही.) पण मला सांगायचं आहे ते मोरोपंतांचं.

पंत बारामतीचे, अठराव्या शतकातले. रचना अफाट, भाषा संस्कृताने जड, आणि यमकांचा सोस असा की अन्वय लावता लावता वाचणाऱ्याचा घाम निघावा. मराठी छापखाना अजून यायचा होता. पोथी हवी तर नकलून घ्यायची, म्हणजे लेखनिक पाहिजे, कागद पाहिजे, पैसा पाहिजे. अशा कवीच्या आर्या ज्यांनी पोथीला कधी हात लावला नाही अशांच्या तोंडी गेल्या त्या कीर्तनकारांमुळे, आणि त्यांत राम जोशीचं नाव आधी घेतात. तमाशाकडून त्याला कीर्तनाकडे वळवलं ते पंतांनीच, असंही सांगतात. त्याच्या बाजूने पाहा. उठून जायला मोकळ्या असलेल्या माणसाला बसवून कसं ठेवायचं, हे त्याला फडाने शिकवलं होतं. पंतांपाशी ती विद्या नव्हती, आणि राम जोशीने ती त्यांच्या आर्यांच्या कामी लावली.

मात्र सगळं श्रेय त्याला देऊ नकोस. कीर्तनकार अख्खं आर्याभारत डोक्यावर घेऊन उभा राहत नाही. आख्यानात बसेल अशी एखादी आर्या तो उचलतो, म्हणतो, फोड करून सांगतो, पुन्हा म्हणतो. घरी जाणाऱ्याच्या ओठांवर ती राहते. दोन ओळींत अर्थ पुरा होतो, मागचापुढचा संदर्भ नसला तरी अडत नाही, म्हणून ती उचलता येते. लेखन पंतांचं, तोंड दुसऱ्याचं. वाचक वाढतात ते असे. लिहिणाऱ्याने स्वतः हाका मारून जमवलेले फार टिकत नाहीत.

आता तुझा भुईकोट किल्ल्यावरचा लेख घे. त्यातला एक परिच्छेद शेजाऱ्याला वाचून दाखवावा म्हणून शोधत बसलो. एकही सापडला नाही. कुठे ‘वर म्हटल्याप्रमाणे’, कुठे ‘ते पुढे पाहूच’. एक वाक्य ओढावं तर दहा मागे येतात. शिवाय तटबंदी, बुरूज, खंदक ही माहिती थेट १८८४ च्या गॅझेटिअरमधली. ती तुझ्याआधी कित्येकांनी उतरवून घेतली आहे, तुझ्यानंतरही उतरवतील. मग वाचकाने तुझ्याकडे का यावं? त्या लेखात तुझं स्वतःचं एकच वाक्य होतं. किल्ल्याशेजारच्या बागेत आजोबा आणि त्यांचे गिरणीतले सोबती संध्याकाळी बसायचे आणि कोणत्या खात्यात कोण होतं यावरून भांडायचे. ते तू एका ओळीत उरकलंस! मी तुझा संपादक असतो तर किल्ला एका ओळीत टाकायला लावला असता आणि ते भांडण पानभर मागितलं असतं.

कारण ते भांडण पुढे नेणारी माणसं आहेत. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ला सुरू झाली, १९६३ ला बंद पडली. तिथे राबलेल्यांची नातवंडं आज पुण्यात आहेत, भिवंडीत आहेत, सुरतेला आहेत. आजोबा कोणत्या खात्यात होते हे त्यांतल्या एकाला तुझ्या लेखात दिसलं, तर तो आपल्या भावंडांना सांगितल्याशिवाय राहणार नाही. लिहायला बसण्यापूर्वी एवढं ठरव की हे वाचून कोण कुणाला सांगेल. नाव घेऊन ठरव. ‘सर्व सोलापूरकर’ हे उत्तर मी धरणार नाही.

शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते काही महाराष्ट्राच्या रसिकांना साद घालायला नव्हे. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र. तिथली माणसं आणि गिऱ्हाइकं हाच त्याचा वाचक. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मध्यमवर्गीयांच्या घरोघरी गेलं. आधी ओळखीचा वाचक, मग अनोळखी. तू उलट्या बाजूने चालली आहेस. लेख झाला की शंभर गटांवर एकदम टाकतेस. तिथे तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. त्यापेक्षा चार माणसं निवड आणि प्रत्येकाला दोन ओळी वेगळ्या लिही, की हे तुम्हालाच का पाठवलं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

मथळ्यांबद्दल थोडं कडक बोलतो. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’ या नावाखाली काय दडलंय हे मला, तुझ्या सख्ख्या मामालाही, कळलं नाही. आत कडक भाकरी होती! मग वर ‘कडक भाकरी किती दिवस टिकते?’ असं लिहायला कसली लाज? माणूस शोधतो ते भाकरी, चादर, गड्डा या नावांनी. हिंदोळा कोणी शोधत नाही.

वेळही पाहा. नंदीध्वजांच्या मार्गावर तू मार्चमध्ये लिहिलंस. ते निघतात गड्ड्याच्या जत्रेत, आणि ती जत्रा संक्रांतीला. परगावी गेलेल्या सोलापूरकराला नंदीध्वजांच्या काठ्या आठवतात त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तो विचारतो, मिरवणूक कुठून निघते, अक्षता सोहळा कधी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आपल्याकडे येते तेव्हा आषाढीच्या वारीचे दिवस असतात. त्याआधी आठवडाभर तुझा लेख तयार हवा. आठवड्याला एक लेख हा हट्टही सोड. पंधरवड्याने लिही, पण वार ठरवून लिही आणि तो चुकवू नकोस.

कोणी चूक दाखवली तर सबब सांगत बसू नकोस. पुढच्या लेखात दुरुस्ती कर, आणि त्यांची हरकत नसेल तर नावानिशी आभार मान. चूक काढणारा माणूस लेख शेवटपर्यंत वाचलेला असतो, आणि पुढचाही तो वाचतो, निदान नव्या चुका काढायला तरी.

आता काम देतो. सोलापुरी चादरीवर भौगोलिक मानांकनापासून किमतीपर्यंत सगळं लिहून झालंय. पण चादरीवरची नक्षी जकार्ड मागाला कळते कशी, यावर सोप्या मराठीत मी तरी वाचलेलं नाही. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. ती भोकं पाडण्यात हयात घालवलेले एक गृहस्थ पूर्व भागात माझ्या ओळखीचे आहेत. घरात तेलुगू, पण मराठी तुझ्यामाझ्यापेक्षा ठसठशीत. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने ये, शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ. ते ज्या वस्तूला जे म्हणतील तेच लिहून घे, शब्द सुधारायला जाऊ नकोस. लेख झाला की आधी त्यांना मोठ्याने वाचून दाखव. ऐकताना ते जिथे बाहेर पाहू लागतील, तिथे काटायचं.

येताना वर्षभराचे लेख कागदावर छापून आण. फोनवर मला वाचवत नाही.

तुझा,
मामा