परराज्याचे कर-विवरणपत्र : सॉफ्टवेअर अडले तर काय करावे?

सातारा-सांगलीकडील आपली मुले उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. शिक्षण संपून पहिली नोकरी लागली, की पुढच्या मार्च महिन्यात एक फोन हमखास येतो : "काका, टॅक्सचं सॉफ्टवेअर पुढेच सरकत नाही." अशी चार-पाच विवरणपत्रे पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. घोटाळा बहुधा एकाच ठिकाणी होतो, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याकडे शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर घटनेने केंद्राकडे ठेवला आहे. राज्य पगारदाराकडून घेते तो व्यवसाय कर. त्यालाही कलम २७६ नुसार वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. साताऱ्याचा मुलगा बेंगळुरूस नोकरीला गेला तरी आयकराचे विवरणपत्र एकच. केंद्र व प्रांत यांच्यातील महसुलाची वाटणी हाच बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता. तो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ही वाटणी निराळी आहे. तेथे केंद्र आयकर घेते आणि बहुतेक राज्येही स्वतंत्रपणे घेतात. टेक्सास, फ्लोरिडा अशा काही राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, सांगलीचा एक मुलगा पदवीनंतर एफ-१ व्हिसावरच, ओपीटीच्या परवानगीने नोकरी करतो. वर्षभर न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. पहिले सहा महिने कंपनीच्या न्यू जर्सीतील कचेरीत काम, पुढचे सहा महिने न्यू यॉर्कच्या कचेरीत. हा 'निवासी' की 'अनिवासी'? विद्यार्थी व्हिसाची पहिली पाच कॅलेंडर वर्षे दिवसांच्या मोजणीत धरली जात नाहीत, म्हणून केंद्राच्या लेखी तो अनिवासी : फॉर्म १०४०-एनआर. न्यू जर्सीच्या लेखी निवासी. न्यू यॉर्कच्या लेखी पुन्हा अनिवासी : फॉर्म आयटी-२०३. माणूस एक, उत्तरे तीन! सॉफ्टवेअर मात्र हा प्रश्न पहिल्याच पानावर एकदा विचारते आणि तेच उत्तर सगळीकडे नेते.

पहिली अडचण केंद्राच्याच फॉर्मची. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये १०४०-एनआर नसतोच. मुले कंटाळून निवासींचा १०४० भरून मोकळी होतात. असे करू नये. अनिवासींसाठी केलेले सॉफ्टवेअर घ्यावे, नाहीतर फॉर्म हाताने भरून टपालाने पाठवावा. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१ नुसार प्रमाणित वजावट मिळते. इतर देशांच्या बहुतेक अनिवासींना ती नाही. ती आपल्या फॉर्मवर आली की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. चुकीचा १०४० आधीच गेला असेल, तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करता येते.

दुसरी अडचण खरी पैशांची आहे. वर्षअखेरीस मालक डब्ल्यू-२ हा पगाराचा दाखला देतो. न्यू यॉर्कचा नियम असा की, त्यातील १६ व्या रकान्यात मालकाने वर्षाचा संपूर्ण पगार दाखवायचा, काम अर्धे वर्षच तेथे झाले असले तरी. सॉफ्टवेअर तो आकडा जसाच्या तसा उचलते. आपल्या मुलाचा पगार ६०,००० डॉलर आणि कामाचे दिवस २४० धरू. पैकी न्यू यॉर्कमधील १२०. मग न्यू यॉर्कचे उत्पन्न ३०,०००. आयटी-२०३ मध्ये आधी संपूर्ण उत्पन्नावर कर काढतात आणि मग न्यू यॉर्कच्या हिश्शाच्या प्रमाणात तो कमी करतात. संपूर्ण कर ३,००० आला असे धरले, तर देय १,५००. सॉफ्टवेअरने ६०,००० धरले की पूर्ण ३,०००! शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलाला हे १,५०० डॉलर म्हणजे काही महिन्यांचे हप्ते आहेत.

यावर उपाय आयटी-२०३-बी या जोडपत्रात आहे. त्यात दिवसांची विभागणी द्यावी, म्हणजे न्यू यॉर्कच्या रकान्यात ३०,००० येतील. कचेरीतील हजेरी व बदलीचे पत्र जपून ठेवावे. मात्र न्यू यॉर्कच्या नोकरीत स्वतःच्या सोयीसाठी घरून केलेले दिवस न्यू यॉर्कचेच धरले जातात. ते न्यू जर्सीत टाकण्याचा मोह नको. तपासणीत हेच पाहतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी केंद्र, मग अनिवासी राज्य, शेवटी निवासी राज्य. न्यू जर्सी सर्व ६०,००० वर कर लावते, पण न्यू यॉर्कला भरलेल्या कराची सूट ठरावीक मर्यादेत देते. न्यू जर्सीचे विवरणपत्र आधी उरकले तर सॉफ्टवेअरला सुटीचा आकडा ठाऊकच नसतो, आणि तेच उत्पन्न दोनदा कापले जाते.

राज्याचे आकडे काढण्यासाठी काही मुले सॉफ्टवेअरमध्ये खोटाच १०४० तयार करतात. आकडेमोडीपुरते ठीक, पण एका बटणाने तो केंद्राकडे रवाना होतो, आणि मग निस्तरण्यात वर्ष जाते. त्यापेक्षा कागद-पेन्सिल बरी. मी तर मुलांना आधी वहीत तिन्ही आकडे काढायला लावतो आणि मगच संगणक उघडू देतो.

सॉफ्टवेअर ई-फाइल घेतच नसेल, तर छापील प्रत टपालाने जाते. न्यू यॉर्कला डब्ल्यू-२ ऐवजी त्यातील माहितीचा आयटी-२ हा फॉर्म जोडावा लागतो. शेवटी शाईने सही करावी आणि टपालाची पावती ठेवावी. सर्वसाधारण मुदत १५ एप्रिल. मुलगा त्याआधी गावी परतणार असेल तर सह्या तिथेच उरकून घ्याव्यात; रीतसर मुखत्यारपत्राशिवाय वडिलांची सही तेथे चालत नाही.