आपल्या संगणकाचा नवा कारभारी



ऑफिसच्या खोलीतला आपला संगणक गेल्या वर्षापर्यंत कसा चालायचा, ते तुम्ही पाहिलेच आहे. बटण दाबून परिपाठाला जावे, प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष सारे आटोपून परत यावे, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच! "गुर्जी, ह्यो म्हातारा झाला, आता नवा आणा," असे चौथीतल्या एकाने मला सांगूनही टाकले. पण नव्याला पैसे फार पडतात. म्हणून २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्याच यंत्रावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. ते काम कसे झाले, आणि त्यात माझी कोणती चूक झाली, ते आज सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. तुम्ही कळफलकावर अक्षर दाबता, ते पडद्यावर दाखवायचे कोणी? चित्र कोणत्या कप्प्यात ठेवायचे, छपाईयंत्राला काम केव्हा द्यायचे, कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, हे सारे तोच पाहतो. आपल्या संगणकाचा कारभारी होता विंडोज ७. तो २००९ सालचा. १४ जानेवारी २०२० नंतर कंपनीने त्याच्या सर्वसाधारण दुरुस्त्या देणे थांबवले. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही त्याच्यावर चालेनाशा झाल्या. संगणक बिघडला नव्हता, पण नवी संकेतस्थळे नीट उघडत नव्हती. शिवाय, दाराची कडी मोडली आणि सुतारच गाव सोडून गेला, तर घर किती दिवस सुरक्षित राहील?

विंडोज ११ घालावे, तर त्याला निदान ४ जीबी मेमरी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आपल्या यंत्रात मेमरी २ जीबी, आणि टीपीएम तर नाहीच. विंडोज १० चालले असते, पण त्याच्याही नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. म्हणून मी लिनक्स मिंट निवडले. त्याची एक्सएफसीई ही आवृत्ती हलकी आहे, ती जुन्या यंत्राला झेपते. लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. तो कोणालाही फुकट वापरता येतो.

यात मला सर्वांत आवडलेली सोय अशी, की ती प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकातले काहीही न पुसता नुसती चालवून पाहता येते. मी तसे केले. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, छपाई होते का, सारे पाहिले. छपाईयंत्र पहिल्यांदा रुसले होते, मग लागले. मेमरी वाढवून ६ जीबी केली. राहिली डिस्क. जुन्या डिस्कमध्ये तबकडी असते आणि ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती पुष्कळ जलद. खरे सांगायचे तर पैसे वाचवण्यासाठी मी जुनीच डिस्क पुसून वापरणार होतो. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, चार पैसे जाऊ द्यात, पण जुनी डिस्क पुसू नका." म्हणून तालुक्याहून एसएसडी आणली आणि जुनी डिस्क कपाटात ठेवली. मध्येच वीज जाईल म्हणून काम सकाळी लवकर उरकले.

आता माझी चूक ऐका. शाळेच्या सगळ्या फाइली मी आधीच पेनड्राइव्हवर उतरवल्या होत्या. त्यात २०१३ सालच्या मुलांनी घरोघरी जाऊन जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ४३ पाने. सांगणाऱ्या आज्यांपैकी आता दोघीच हयात आहेत. नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तर काय? मराठीचा मागमूस नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याच्या खुणा, नुसता पालापाचोळा. सुट्टीतही शाळेत डोकावणारी चौथीची एक मुलगी शेजारी उभी होती. तिच्या पणजीच्या ओव्या त्यात होत्या. ती म्हणाली, "गुर्जी, पुसलं व्हय सगळं?" मला काही उत्तर देता आले नाही.

पुसले गेले नव्हते. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. पूर्वीच्या कित्येक मराठी फॉन्टांत अशा इंग्रजीच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे चढवलेली असत. बहुरूप्यासारखे, मुखवटा आहे तोवर मारुती, उतरवला की आपला ओळखीचा माणूस! मी फाइल आणली, पण मुखवटा, म्हणजे तो फॉन्ट, आणायला विसरलो. तो होता जुन्या डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टांच्या कप्प्यात. ती डिस्क मी पुसली असती तर? कपाट उघडले, डिस्क तारेने जोडली, फॉन्ट उचलून नव्या जागी ठेवला. क्षणात ओव्या दिसू लागल्या. ती मुलगी मोठ्याने वाचायलाच लागली.

पण पुन्हा तोच प्रसंग नको. म्हणून सारे युनिकोडमध्ये उतरवायला घेतले. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा २३२५, 'ख'चा २३२६, 'ग'चा २३२७. आपली उजळणी जशीच्या तशी! बदल करून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते चुकतात, आणि चुका कुठे होतात ते पाहण्यासारखे आहे. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते. जुन्या फॉन्टात ती आधीच टंकत. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर दिसतो, जुन्या फॉन्टात तो 'य'नंतर टंकत. युनिकोडमध्ये मात्र 'र्' आधी, 'य' मागून. म्हणजे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने नव्हे, तर तोंडाने म्हणतो त्या क्रमाने. 'सूर्य' सावकाश म्हणून पाहा बरे!

आतापर्यंत २८ पाने तपासून झाली. बाकीच्या पानांत रफार भलत्याच अक्षरांवर बसले आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीची मुले दोन-दोन पाने घेऊन बसतात. शब्द अडला, की हयात असलेल्या दोघींपैकी एकीच्या घरी पळतात. जुनी डिस्क अजून कपाटातच आहे, वरच्या खणात, कापडात गुंडाळलेली. तिला हात लावायचा नाही, बरे का!

— तुमचे गुरुजी