हळद : फोडणीतली आणि विज्ञानाच्या तासातली



मुलाचा गुडघा फुटला की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. "हळदीनं काय होतं?" असं वर्गात विचारलं तर "जंतू मरतात!" हे उत्तर लगेच येतं. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे.

हळदीत काय असतं?
हळदीचा पिवळा रंग कुरक्युमिन या घटकामुळे येतो. 100 ग्रॅम हळदीत ते साधारण 3 ग्रॅमच असतं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?
शरीरात ऊर्जा तयार होताना 'फ्री रॅडिकल' नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते जास्त झाले की पेशींना इजा करतात. कुरक्युमिन त्यांना शांत करतं. मुलांना दाखवायला सफरचंद घ्या. चिरलेली फोड काळी पडते, लिंबू चोळलेली लवकर पडत नाही. लिंबातलं 'क' जीवनसत्त्वसुद्धा अँटिऑक्सिडंटच आहे.

जंतू खरंच मरतात का?
प्रयोगशाळेत कुरक्युमिन काही जिवाणूंची वाढ रोखतं, हे दिसलं आहे. पण पोटात गेलेलं कुरक्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. तेल-तूप आणि काळी मिरी सोबत असेल तर थोडं जास्त. म्हणून हळद हा चांगला आहार आहे, औषधाला पर्याय नाही.

वर्गात सांगायची गोष्ट
1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. या पेटंटला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक होते. या संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीला माहीत होतं ते लिहून ठेवलेलं होतं, म्हणून जिंकलो!

करून पाहूया
हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवा. त्यावर साबणाचं पाणी टाका, लाल डाग पडेल. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. हळदीला चुना लावून कुंकू कसं होतं, ते मुलं आपणच सांगतील.

हे मात्र नक्की सांगा
स्वयंपाकघरातल्या हळदीत चमचे, हात सगळं जातं, ती निर्जंतुक नसते. जखम आधी साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. खिळा लागला, जखम खोल असली तर आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. धनुर्वात हळदीनं टळत नाही.

मुलांना दोन्ही शिकवूया, हळदीचा अभिमान आणि तिची मर्यादा.