मोटार बंद ठेवायचे दिवस

निखिल,

ताई फोनवर म्हणाली, पुण्याची नोकरी सोडून बाग बघायला आलेला मुलगा डिसेंबरातही रात्री दोनला उठून मोटार सुरू करतो. वीज तेव्हाच असते आणि नवं ठिबक कोरडं बघवत नाही, म्हणे. म्हणून हे पत्र.

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडचा मुरलेला संत्रा बागाईतदार या दिवसांत नेमकं उलटं करतो. आंबिया बहार धरायचा असला की नोव्हेंबर सरताना तो पाणी कमी करत आणतो आणि डिसेंबरात पार तोडतो. हलक्या-मध्यम जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाड ताणावर राहतं. पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्याचा जीव इथेच खालीवर होतो आणि हात स्टार्टरकडे जातो.

संत्र्याला सफरचंदासारखी पानझडीची झोप नसते. ते बारमाही हिरवं. पारा १३ अंशांच्या खाली उतरला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. पण विदर्भात रात्री गारठा आणि दुपारी चटका, त्यामुळे थंडीचं काम अर्धवट राहतं. ते पाण्याचा ताण पुरं करतो. नवी पालवी अडते, पानांनी केलेलं अन्न खर्ची न पडता फांद्यांत साठतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाणी मिळालं की फुलांच्या रूपाने बाहेर पडतं. या काळात पाणी चालू ठेवणाऱ्याला पालवी भरपूर मिळते, फूल तुरळक.

काश्मीरकडे बघ. तिथल्या सफरचंदाच्या जुन्या जातींना फुलोऱ्यासाठी ७ अंशांखालचे सुमारे हजारभर तास लागतात. माणसंही ऋतूपुढे हट्ट करत नाहीत. २१ डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस म्हणजे चिल्लई कलान, पुढे २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. शाळांना लांब सुटी, फेरनच्या म्हणजे लांब झग्याच्या आत कांगडीची ऊब, पहाटे हरिसा आणि ताटात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, दुधी, टोमॅटो. ही सवड आयती मिळत नाही, तिची बेगमी आधी करावी लागते.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे शेतकऱ्याची सुटी असं कोणी म्हणालं, तर त्याला हरभऱ्याचं रान दाखवावं! बागाईतदारही ताणाच्या दिवसांत हात बांधून बसत नाही. सल म्हणजे वाळक्या फांद्या काढतो, उथळ वखरणी करतो. फक्त झाडाला डिवचत नाही.

मात्र हे सगळं मोजून. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. मधेच अवकाळी सर आली तर गणितच मोडतं. मग पालवी रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराईड फवारावं लागतं. आणि एकाच झाडावर आंबिया आणि पावसाळ्याच्या तोंडचा मृग असे दोन्ही बहार घेणाऱ्याची बाग लवकर थकते. हाव, दुसरं काय!

माणसाच्या झोपेलाही ऋतू कळतो. बर्लिनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये १८८ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत स्वप्नांची झोप हिवाळ्यात अर्ध्या तासाने जास्त निघाली. ती माणसं झोपेच्या तक्रारी असलेली होती आणि बर्लिनचा हिवाळा वरूडात उतरत नाही, हे खरं. पण रात्री दोनला बांधावर उभा राहणारा पोरगा दिवसा बागेत नीट पाहू शकत नाही, हे सांगायला बर्लिन लागत नाही.

तर यंदा आंबिया एकच धर, मृगाचा नाद सोड. स्टार्टरचा फ्यूज ताईकडे दे आणि रात्री झोप. पानांची अवस्था संक्रांतीच्या सुमारास कळव. ताण कधी तोडायचा ते तेव्हा ठरवू. पहिलं पाणी हलकंच द्यायचं आहे.

तुझा
मामा