नाटक : एक वाङ्मयप्रकार

प्रस्तावना

बंगळूरच्या जे. पी. नगर या वस्तीत ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह आहे. कन्नड अभिनेते व दिग्दर्शक शंकर नाग (१९५४-१९९०) यांच्या स्मरणार्थ, अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने ते २००४ मध्ये सुरू झाले. तेथे कन्नडबरोबरच मराठी, हिंदी इत्यादी भाषांतील नाटकेही सादर होतात. प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो व उशिरा येणाऱ्या प्रेक्षकास प्रवेश मिळत नाही. कादंबरीची राहिलेली पाने मागाहून वाचता येतात. प्रयोगातील निसटलेला क्षण मात्र त्या प्रयोगात पुन्हा येत नाही. नाटक आणि इतर वाङ्मयप्रकार यांतील मुख्य भेद येथेच आहे.

संहिता आणि प्रयोग

कथा व कादंबरीत निवेदक घटना सांगतो. कवितेत भावनेला शब्द व लय यांतून रूप मिळते. नाटकात घटना पात्रांच्या संवादांतून व कृतींतून प्रेक्षकांसमोर घडते. नाटकाच्या लिखित रूपास ‘संहिता’ म्हणतात आणि तिच्या रंगमंचावरील सादरीकरणास ‘प्रयोग’ म्हणतात.

मराठी नाटकाचा आरंभ प्रयोगातून झाला. कर्नाटकातील कर्की येथील मंडळींचे खेळ सांगलीत झाले. त्यानंतर चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले. सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे बहुतेक भाषणे आयत्या वेळी करीत असत. कन्नड व मराठी रंगभूमीतील ही देवघेव पुढेही चालू राहिली. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ हे कन्नड नाटक विजय तेंडुलकर यांनी मराठीत आणले.

काही संज्ञा

अंक : नाटकाचा मोठा विभाग. अंकाच्या लहान विभागास ‘प्रवेश’ म्हणतात. एकाच अंकाच्या स्वतंत्र नाटकास ‘एकांकिका’ म्हणतात.

रंगसूचना : नेपथ्य, प्रकाश, पात्रांच्या हालचाली यांविषयी नाटककाराने संहितेत दिलेल्या सूचना.

संघर्ष : व्यक्ती-व्यक्ती, व्यक्ती-समाज किंवा एकाच मनातील दोन प्रवृत्ती यांमधील विरोध. तो नाटकाचा प्राण होय.

स्वगत : पात्राने स्वतःशी केलेले भाषण. ते प्रेक्षकांना ऐकू येते; रंगमंचावरील इतर पात्रांना ते ऐकू येत नाही, असे मानले जाते.

संज्ञांचा उपयोग

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे तीन अंकी नाटक पाहा. एका हौशी नाट्यसंस्थेची मंडळी वेळ घालविण्यासाठी खोटा खटला रचतात आणि शिक्षिका लीला बेणारे हिला आरोपी करतात. हळूहळू खेळ बाजूला पडतो व तिच्या खाजगी आयुष्याचीच झडती सुरू होते. हा व्यक्ती व समाज यांमधील संघर्ष होय. अखेरीस तिला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. ती मन मोकळे करते, तेव्हा बाकीची पात्रे निश्चल असतात. तिचे दुःख प्रेक्षक ऐकतात. तिला दोषी ठरविणारे ऐकत नाहीत. स्वगत ही संज्ञा ठाऊक असलेल्या वाचकाला या प्रसंगातील अन्याय अधिक तीव्रतेने जाणवतो. संज्ञा पाठ करण्यासाठी नसतात. त्या साहित्यकृतीचे मर्म उलगडण्याची साधने असतात.

पाठगत प्रश्न

१. संहिता व प्रयोग यांतील फरक सांगा.
२. बेणारेचे मनोगत संवादरूपात आले असते, तर परिणामात कोणता फरक पडला असता?
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकातील किंवा लोकनाट्यातील संघर्ष पाच ओळींत लिहा.