संख्यात्मक चलांची घोषणा

धान्य पोत्यात, तेल डब्यात आणि सोने डबीत ठेवावे, हे आपण व्यवहारातून शिकतो. संगणकाच्या स्मृतीतही संख्येसाठी योग्य मापाची जागा राखून ठेवावी लागते. या जागेला ‘चल’ म्हणतात आणि तिचा प्रकार आधी सांगणे म्हणजे चलाची ‘घोषणा’ होय.

बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली. नवशिक्यांची सोय व्हावी म्हणून मूळ भाषेत संख्यांचा एकच प्रकार होता. पुढील काळात अनेक प्रकार आले. १९९१ साली एमएस-डॉस ५ सोबत आलेल्या क्यूबेसिकमध्ये ते असे आहेत :

१. पूर्णांक, चिन्ह % : २ बाइट, –३२,७६८ ते ३२,७६७.
२. दीर्घ पूर्णांक, चिन्ह & : ४ बाइट; सुमारे २१४ कोटींपर्यंत.
३. एकेरी अचूकता, चिन्ह ! : ४ बाइट, अपूर्णांकासह सुमारे ७ अंक अचूक.
४. दुहेरी अचूकता, चिन्ह # : ८ बाइट, सुमारे १५ अंक अचूक.

घोषणा दोन रीतींनी करता येते. चलाच्या नावाच्या शेवटी चिन्ह जोडावे, जसे ‘मजुरी&’; किंवा ‘डिम मजुरी ॲज लाँग’ असे विधान लिहावे. (संगणकावर ही विधाने रोमन लिपीत टंकलिखित करावीत.) काहीच न सांगितल्यास क्यूबेसिक त्या चलाला एकेरी अचूकतेचे मानते.

प्रकार चुकला तर काय होते? रोज ४०० रुपयांप्रमाणे १०० दिवसांची मजुरी ४०,००० रुपये होते. ती ‘मजुरी%’ मध्ये मावत नाही. संगणक ‘ओव्हरफ्लो’ असा संदेश देऊन थांबतो व चूक लगेच कळते. याउलट, पतपेढीची १२,३४,५६७.८९ रुपये ही शिल्लक ‘शिल्लक!’ मध्ये ठेवली, तर पडद्यावर १२३४५६८ उमटते. पैसे नाहीसे होतात, पण संगणक कोणताही इशारा देत नाही. अशी मूक चूक अधिक घातक असते, कारण हिशेब बरोबरच आहे असे वाटत राहते.

म्हणून रक्कम पैशांत मोजून दीर्घ पूर्णांकात ठेवणे हिताचे. वरील शिल्लक १२,३४,५६,७८९ पैसे होते; ‘शिल्लक&’ मध्ये ती तंतोतंत राहते. मात्र २,१४,७४,८३६.४७ रुपयांपेक्षा मोठी रक्कम या रीतीने मावणार नाही, हे ध्यानी ठेवावे.

लक्षात ठेवा : संख्या मोजदादीची आहे की मापनाची आणि ती जास्तीत जास्त किती मोठी होईल, हे दोन प्रश्न घोषणेपूर्वी स्वतःला विचारा. संगणक आज्ञा पाळतो. हिशेबाची जबाबदारी मात्र आज्ञा लिहिणाऱ्याची असते.

पाठगत प्रश्न
१. ४२,५०० ही लोकसंख्या % चिन्हाच्या चलात का मावणार नाही?
२. वर्गातील विद्यार्थिसंख्या व त्यांची सरासरी उंची यांसाठी कोणते प्रकार निवडाल? कारणे लिहा.