सुरुवात कुठून करायची

चि. मुक्ता,


तुझ्या लेन्सच्या डिझाइनची मेल वाचली. ५० मिमी फोकल लेंथ, एफ/४, सेन्सरचा कर्ण २१ मिमी. आणि सहा सपाट काचा मांडून तू ऑप्टिमायझरला रात्रभर पळवलंस! अगं, तो जिथे उभा असतो तिथून उतरत जातो, एवढंच त्याला येतं. घाटमाथ्यावरचा थेंब कोकणात जाणार की देशावर, हे तो कुठल्या बाजूला पडला यावर ठरतं. ती बाजू तुलाच निवडायची आहे.

आधी कोन काढ. अक्षापासून जेमतेम १२ अंश. एवढ्यासाठी सहा काचांची डबल गाऊस कशाला? तिची खरी गरज एफ/२ च्या आसपास लागते. तू कुक ट्रिप्लेट घे, डेनिस टेलरची, १८९३ ची. तीनच काचा, पण सहा वक्रता आणि मधली दोन अंतरं मिळून आठ चल होतात. फोकल लेंथ आणि सात प्राथमिक विपथनं सांभाळायला ते बरोबर पुरतात. त्यातली मधली ऋण लेन्स नीट समजून घे. प्रतिमा सपाट हवी तर पेट्झवाल बेरीज लहान ठेवावी लागते. त्या बेरजेत लेन्सची शक्ती आणि काचेचा अपवर्तनांक मोजतात, लेन्सची जागा नाही. एकूण शक्तीतला तिचा वाटा मात्र किरण तिथे अक्षापासून किती उंचीवर आहे त्यावर ठरतो. म्हणून किरण खाली उतरलेल्या जागी ऋण लेन्स ठेवली, की ती प्रतिमा सपाट करते आणि शक्ती फारशी खात नाही. सपाट काचांवरून निघालेल्या ऑप्टिमायझरला हे सापडणं नशिबाचाच भाग.

जुन्या पेटंटमधला ट्रिप्लेटचा नमुना गरजेपेक्षा थोडा सढळ निवड: एफ/३.५, अर्धा कोन २० अंश, असा काहीतरी. तिथला कोन अर्धा दिलाय की पूर्ण, तेही बघ. मग त्रिज्या, जाड्या, अंतरं एकाच पटीत आण. १०० मिमीची ५० केलीस तर प्रतिमेतला विपथनाचा डागही निम्मा होतो. तरंगलांबी होत नाही. काही हलवण्याआधी किरण सोडून फोकल लेंथ पडताळ. जुळली नाही तर आधी वक्रतेची चिन्हं तपास. जुन्या पुष्कळ काचा आता मिळत नाहीत. बदलताना अपवर्तनांक आणि ॲबे अंक दोन्ही जवळचे घे, एका वेळी एकच.

कडेला कमी पडलं, तर मागच्या लेन्सच्या जागी चिकटवलेली जोडी घालून टेसारकडे जाता येईल. पण ते नंतर.

पहिला तक्ता आणि पेट्झवाल बेरीज पाठव. एमटीएफचे आलेख इतक्यात नकोत.

तुझा,
मामा